संहितेचे गुणदोष आणि विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग
(वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक भाषिक विचार)

१

महाविद्यालयीन नाट्यप्रयोगांची चर्चा निघाली की दोन विधाने हटकून ऐकू येतात. प्रयोग पडला तर ‘संहिताच कच्ची होती’ असे म्हटले जाते आणि प्रयोग रंगला तर ‘मुलांनी संहिता उचलून धरली’ असे म्हटले जाते. दोन्ही विधानांच्या मुळाशी एकच समजूत आहे. संहितेचे गुणदोष छापील पानावर आधीच कायम झालेले असतात, आणि गुण दाखविणे व दोष झाकणे एवढेच काय ते विद्यार्थ्यांच्या हाती उरते, ही ती समजूत होय. ती वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. परंतु तालमीत कोणते वाक्य ठेवावे, कोणते गाळावे आणि कोणते बदलावे याचे सारे निर्णय तिच्यावरच उभे असल्याने ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भरताने वाणीला नाट्याचे शरीर मानले. या दृष्टीने पाहिले तर छापील संवाद हे शरीर नव्हे, तो शरीराचा केवळ आराखडा आहे. ते वाक्य कोणाच्या मुखातून, कोणत्या बोलीच्या सवयीतून आणि किती अवकाशात बाहेर पडते यावर त्याचे बल ठरते. म्हणून संहितेत दोष दिसला की तो तीन ठिकाणी शोधावा लागतो : नाटकाच्या रचनेत, संहितेची भाषा व नटाची भाषा यांच्या विसंवादात, आणि नटाच्या अपुऱ्या तयारीत. विद्यार्थी-प्रयोगांत या तिन्हींची सरमिसळ होते. बहुतेक वेळा दुसऱ्या वा तिसऱ्या ठिकाणचा दोष पहिल्याच्या माथी मारला जातो आणि संहितेवर कात्री चालते. कित्येकदा त्या कात्रीखाली जाते ते संहितेचे उणेपण नसून तिचे बळच असते.

२

विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला काही मर्यादा मुळातच असतात. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली, त्याच वर्षी दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव भरला, आणि १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होऊ लागली. या साऱ्यांमुळे महाविद्यालयीन नाटकाला स्पर्धेची चौकट मिळाली. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत एकांकिकेला साधारणतः ३० मिनिटे मिळतात आणि रंगमंचावर ९ नटांपर्यंत मुभा असते. याशिवाय सर्व नट एकाच वयाचे असतात. साठीतला बाप आणि त्याचा विशीतला मुलगा ही दोन्ही पात्रे एकाच वर्गातील दोन मुले करतात.

अशा चौकटीत दोन-अडीच तासांचे नाटक बसवायचे तर काटछाट अटळ आहे. प्रश्न एवढाच की कात्री प्रथम कोठे चालते. ती चालते विरामांवर, पुनरुक्तींवर आणि कथानक पुढे न नेणाऱ्या पात्रांवर. कारण वाचताना या गोष्टी कोणतीही नवी माहिती देत नाहीत. येथे भाषाविज्ञानातील एक साधा विचार उपयोगी पडतो. १९२३ साली मालिनोव्स्की यांनी दाखवून दिले की माणसांच्या बोलण्याचा मोठा भाग माहिती देण्यासाठी नसतो, तो परस्परांतील संबंध राखण्यासाठी असतो. ‘जेवण झाले का?’ या प्रश्नाला उत्तराची फारशी अपेक्षा नसते. नाटकातील पुनरुक्तीही पुष्कळदा याच जातीची असते. ती काढली की कथा टिकते, पण माणसामाणसांतील नाते उघडे पडत नाही.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. एलकुंचवारांचा जन्म १९३९ सालचा, यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचा. हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात जमलेले कुटुंब, तेराव्याच्या खर्चाचा पेच, मुंबईहून आलेले धाकटे दांपत्य, शिक्षण अपुरे राहिलेली प्रभा, मुकाट्याने राबणारा चंदू आणि दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर ही त्याची सामग्री. घटना म्हणून सांगायचे तर यात फारसे काही घडत नाही. वृद्ध दादी तर कथानकाला बोटही लावत नाही. तिचे तेच ते विचारणे प्रथमवाचनात सहज गाळण्याजोगे वाटते. परंतु तिचे विचारणे म्हणजे त्या वाड्यातील थांबलेला काळ आहे. दादी काढली तर वेळेची बचत होते, पण इस्टेटीवरून भांडणाऱ्या भावांची एक सामान्य हकीकत तेवढी उरते.

संहितेचे बळ हेच तिचे दौर्बल्य म्हणून वाचले जाणे ही काही केवळ विद्यार्थ्यांची चूक नाही. चेखॉव्हचे ‘सीगल’ १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे साफ पडले आणि १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरच्या प्रयोगात तेच नाटक यशस्वी ठरले. मधल्या दोन वर्षांत बदलली ती नटांची बोलण्याची आणि न बोलण्याची रीत.

याच्या उलट बाजूचा धोका गडकऱ्यांच्या नाटकांत दिसतो. नागपूरजवळच्या सावनेर येथे १९१९ च्या जानेवारीत गडकरी वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यातील आर्यमदिरामंडळाचे विनोदी प्रवेश सुटे काढले तरी हमखास हशा मिळवतात. परंतु मूळ नाटकात त्या हशाच्या शेजारी सिंधूचा संसार मोडत असतो, आणि हसलेल्या प्रेक्षकाला त्या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो. तळीरामाला सिंधूपासून तोडले की संहितेचे बळ शाबूत राहिल्यासारखे वाटते, पण त्या बळाचे प्रयोजन नाहीसे झालेले असते. गुण सुटा काढला की तोच दोष होतो, असे येथे म्हणता येईल.

वयाच्या मर्यादेचाही असाच विचार करता येतो. एलकुंचवारांच्या ‘होळी’ या एकांकिकेत वसतिगृहातील मुलांचा एक जमाव आहे. पुढे १९८४ साली केतन मेहता यांनी तिच्यावर चित्रपट केला. येथे विद्यार्थी आपल्याच वयाची पात्रे करीत असल्याने त्यांची मोठी अडचण दूर होते. मात्र यातील मुले एकमेकांसारखीच बोलतात, त्यांना स्वतंत्र व्यक्तिरेखा नाहीत, असा आक्षेप वाचनाच्या वेळी निघू शकतो, आणि मग प्रत्येकाला एकेक लकब, एकेक विनोदी तऱ्हा बहाल करण्याचा मोह होतो. परंतु एकट्याने जे कोणी केले नसते ते जमावाने कसे केले, हाच त्या संहितेचा विषय आहे. तेथे व्यक्तिरेखांचे सारखेपण ही उणीव मानणे म्हणजे नाटकाचा कणाच काढून घेणे होय.

३

येथवर सांगितलेल्या अडचणी कोणत्याही गावच्या विद्यार्थ्यांना लागू पडतील. वर्धा जिल्ह्यात त्यांत आणखी एका अडचणीची भर पडते, आणि ती भाषेची आहे.

वर्धा नदी ही जिल्ह्याची पश्चिम सीमा. नदीच्या पलीकडे जुना वऱ्हाड प्रांत, अलीकडे जुना नागपूर प्रदेश. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात ग्रिअर्सन यांनी या भागातील मराठीची वऱ्हाडी व नागपुरी अशी नोंद केली आहे. या दोन नावांतील अंतर थोडे आहे आणि नदीवर ते तोडून दाखविता येत नाही. आर्वी, आष्टी, हिंगणघाट, समुद्रपूर येथून वर्ध्याच्या महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी घरी जी मराठी बोलतात तिच्यात ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘का’ ऐवजी ‘काहून’, ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ आणि कित्येक घरांत ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ असते. त्यांच्या हाती येणारी छापील संहिता मात्र बहुधा पुण्या-मुंबईच्या मराठीत लिहिलेली असते.

अशा वेळी एक वाक्य ‘तोंडात बसत नाही’ ही तक्रार तालमीत वारंवार येते आणि ते वाक्य कृत्रिम ठरविले जाते. येथे थोडे मोजून पाहणे बरे. ‘तू काय करतोयस?’ या प्रश्नात उच्चारताना पाच अक्षरे येतात. ‘तू काय करून राहिला?’ यात सात येतात. ‘मला कशाला सांगतेस?’ यात सात, तर ‘मले कायले सांगून राहिली?’ यात नऊ. दोन्ही ठिकाणी दोन अक्षरांची वाढ आहे, पण खरा फरक संख्येचा नाही. प्रमाण मराठीत प्रश्नाचा झटका एका आखूड क्रियापदावर येऊन थांबतो. बोलीत तो ‘राहिला’, ‘राहिली’ या सहायक क्रियापदावर पसरतो. उलटतपासणीसारखा, चेंडू टोलवावा तसा चालणारा प्रवेश बोलीत जसाच्या तसा उतरवला तर तो सैल पडतो. तेथे दोष संहितेचा नाही, नटाचाही नाही. दोन लयींचा तो विसंवाद आहे.

परंतु हेच रूप दुसऱ्या प्रकारच्या प्रवेशात विलक्षण उपयोगी पडते. वाट पाहणे, कुरकुरणे, टोमणा मारणे, एखादी गोष्ट संपता संपत नाही असे दाखविणे यासाठी ‘-ऊन राहणे’ या रचनेइतके नेमके साधन प्रमाण मराठीला नाही. आज्ञार्थाचेही तसेच. या बोलीत ‘ये’ म्हणजे आता ये, आणि ‘येजो’ म्हणजे पुढे कधीतरी, सवडीने, आठवणीने ये. गाडीत बसलेल्या मुलाला निरोप देताना आई ‘येजो’ म्हणते तेव्हा त्या दोन अक्षरांत परतीची अपेक्षा आणि ती फोल ठरण्याची भीती दोन्ही असतात. प्रमाण भाषेतील नाटककाराला तेवढ्यासाठी एक सबंध वाक्य खर्ची घालावे लागेल. म्हणजे बोलीत नेल्याने संहिता काही ठिकाणी दुबळी होते आणि काही ठिकाणी तिला मूळच्यापेक्षा अधिक बळ येते. कोठे काय होते हे वाचून कळत नाही, मोठ्याने म्हणून पाहिल्यावरच कळते.

‘वाडा चिरेबंदी’च्या संवादांना विदर्भातील देशस्थ घराच्या बोलण्याची छटा आहे आणि मुंबईची सून त्या घरात वेगळी ऐकू येणे हा नाटकाचा भाग आहे. वर्ध्याच्या विद्यार्थ्याला ही छटा शिकावी लागत नाही. उलट त्याला मुंबईच्या सुनेची भाषा शिकावी लागते. पुण्याच्या संचासमोर नेमकी याच्या उलट अडचण उभी राहील. एकाच संहितेचा अवघड भाग गावागणिक बदलतो, तो असा. हिंदीत हे नाटक ‘विरासत’ या नावाने गेले. वर्ध्यातच १९९७ साली महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले असून तेथे नाट्यकलेचाही अभ्यास होतो. तेथील विद्यार्थ्याने हे नाटक हिंदीत वाचले तर मराठीतील हा अंतर्गत बोलीभेद त्याला दिसणार नाही. वाडा आणि मुंबई यांमधील अंतर त्याला उभे राहण्याच्या, बसण्याच्या, गप्प राहण्याच्या रीतीतून उभे करावे लागेल. भाषांतराने जे बळ कमी झाले ते अभिनयाने भरून काढण्याचा हा प्रकार होय.

४

बोलीचा प्रश्न केवळ लयीपुरता असता तर तो तंत्राचा म्हणून सोडून देता आला असता. त्याच्यामागे एक प्रतिष्ठेची उतरंडही आहे. संस्कृत नाटकात राजा व अमात्य संस्कृत बोलत आणि स्त्रिया, विदूषक व सेवक प्राकृत बोलत. नाट्यशास्त्रात या वाटणीचे नियमच आहेत. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या एकांकिकांत हीच वाटणी नकळत परत येते. डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी आणि नायक प्रमाण मराठी बोलतात. गडी, शिपाई, दारुडा आणि विनोदी मित्र वऱ्हाडी बोलतात. बोली ऐकू आली की प्रेक्षागृहात हशा पिकतो, आणि तो हशा विनोदाला मिळाला की उच्चाराला, हे कोणी पाहत नाही. ज्या मुलाच्या घरी तीच भाषा बोलली जाते तो रंगमंचावर आपली आई हसण्यावारी नेत असतो आणि त्याबद्दल त्याला बक्षीसही मिळते. याच जिल्ह्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला होता. आर्वीच्या मुलाची मातृभाषा म्हणजे पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हे, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी त्या ठरावाचा अर्थ नाट्यगृहापर्यंत पोहोचतो.

या उतरंडीचा सर्वांत गंभीर परिणाम शेतकरी-आत्महत्यांवरील एकांकिकांत होतो. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम व यवतमाळ यांच्याबरोबर वर्धाही होता. कापसाच्या या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना हा विषय बाहेरून आणावा लागत नाही. नटांत आणि प्रेक्षकांत तो जवळून पाहिलेली माणसे असतात. म्हणूनच या विषयावरील संहितेचा दोष हा निव्वळ वाङ्मयीन दोष राहत नाही.

तो दोष बहुधा शेवटी येतो. पंचवीस मिनिटे घरातल्या भाषेत बोलणारा शेतकरी मृत्यूपूर्वी एकाएकी रंगमंचाच्या पुढच्या भागात येतो आणि वर्तमानपत्रातील अग्रलेखाच्या भाषेत व्यवस्थेवर भाषण करतो. दिवा त्याच्या तोंडावर येतो, टाळ्या पडतात. वाचताना हे भाषण संहितेचे बलस्थान वाटते, कारण विषय तेथे स्पष्ट होतो. प्रत्यक्षात तेथेच संहिता कोसळते. जो माणूस घरच्यांनाही काही सांगू शकला नाही त्याला शेवटी सारे सांगता आले असते तर नाटकच घडले नसते. कर्जाचा आकडा बायकोपासून लपविणे, सावकाराच्या माणसाला चहा विचारणे, मुलीच्या फीचा विषय निघताच बैलाकडे जाणे या न बोलण्याच्या जागा हेच अशा संहितेचे खरे बळ असते, आणि त्या जागा आधीच्या पंचवीस मिनिटांत बहुधा हजरही असतात. भाषण आले की प्रेक्षकाला त्यांकडे मागे वळून पाहण्याचे कारण उरत नाही.

५

म्हणजे संहितेला हात लावूच नये असा याचा अर्थ नव्हे. संहितेतील खरी उणीव तालमीतच उघड होते आणि तेथेच भरून काढली जाते, याचे मराठीतील प्रसिद्ध उदाहरण विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे आहे. १९६७ साली ‘रंगायन’ने राज्य नाट्यस्पर्धेसाठी ते केले. बेणारेबाईंचे अखेरचे दीर्घ स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तालमींच्या काळात लिहिले गेले. तेंडुलकर त्याला प्रथम राजी नव्हते. आता या स्वगताशिवाय ते नाटक कल्पिता येत नाही.

हे स्वगत आणि वर सांगितलेले शेतकऱ्याचे भाषण यांतील फरक नीट पाहण्याजोगा आहे. दोन्ही शेवटी येतात, दोन्ही लांब आहेत, दोन्ही एकाच पात्राच्या तोंडी आहेत. परंतु बेणारेबाई बोलतात तेव्हा इतर सारी पात्रे निश्चल झालेली असतात. तिला मिळालेली मुदत काही सेकंदांची आहे आणि ते बोलणे कोणालाच ऐकू गेलेले नाही. तिला भाषा मिळते, श्रोता मिळत नाही. म्हणजे न बोलता येण्याची अवस्था स्वगताने मोडली नाही, उलट ती दृश्यमान केली. शेतकऱ्याच्या भाषणात त्याला श्रोते मिळतात, आणि ज्या एकटेपणाने त्याचा बळी घेतला तोच पुसला जातो. तेव्हा लांब स्वगत हा गुण की दोष, असा प्रश्नच चुकीचा आहे. ते आधीच्या मौनाशी काय करते हा प्रश्न योग्य.

आणखी एक गोष्ट येथे दिसते. देशपांडे यांनी ते स्वगत स्वतः लिहिले नाही, नाटककाराकडे मागितले. विद्यार्थी-संचात नाटककार पुष्कळदा त्याच वर्गात बसलेला असतो. ही त्या संचाची मोठी मिळकत होय. उणीव आढळल्यावर तिच्यावर संगीत, प्रकाश आणि आरडाओरडा यांचे पांघरूण घालण्यापेक्षा वाक्य परत लिहून मागणे त्याला शक्य असते. परक्या नाटककाराच्या संहितेत मात्र बदलासाठी त्याची अनुमती हवी. ती मिळत नसेल तर पूर्ण नाटकाचा सांगाडा करण्यापेक्षा मुळातच आखूड असलेली संहिता निवडणे प्रामाणिकपणाचे ठरते.

६

या विवेचनातून तालमीसाठी एक साधी पद्धत निघते. पहिले वाचन संहिता आहे तशी, तिच्याच भाषेत, एकही शब्द न गाळता व्हावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक नटाने आपले संवाद आपल्या घरच्या बोलीत म्हणून पाहावेत. हे वाचन प्रयोगासाठी नव्हे, तपासणीसाठी असावे. पहिल्या वाचनात अडखळलेले वाक्य दुसऱ्यात सरळ झाले तर दोष भाषेच्या विसंवादाचा समजावा, आणि मग नटाने मूळ भाषा शिकावी की पात्राला बोली द्यावी याचा निर्णय घ्यावा. बोली द्यायची तर ती केवळ हास्यपात्राला देऊ नये. दोन्ही वाचनांत वाक्य निर्जीव राहिले तर चार-सहा तालमींपर्यंत दोष नटाच्या तयारीचा धरावा. त्यानंतरही ते उभे राहिले नाही तरच दोष रचनेचा मानावा. कात्री सर्वांत शेवटी यावी, आणि विराम व पुनरुक्ती यांच्यावर तर ती अगदी अखेरीस यावी.

या पद्धतीला वेळ लागतो, आणि स्पर्धेच्या तारखा वेळ देत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु महाविद्यालयीन रंगभूमी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर करंडकांच्या कपाटात मिळणार नाही. हिंगणघाटच्या मुलीला प्रयोगासाठी आपल्या आजीच्या बोलण्याकडे कान देऊन ऐकावे लागले, आणि त्या बोलण्यात हसण्याजोगे काही नसून उलट छापील संहितेत नसलेली एक नेमकी अर्थच्छटा आहे हे तिच्या ध्यानात आले, तर त्या संहितेचे उणेपण कारणी लागले असे म्हणावे लागेल.